श्रीलंकेची जंगलं आणि धबधबे, सॅक पाठीवर टाकून: कसं जायचं, काय न्यायचं, कुठे सांभाळायचं

श्रीलंका म्हटलं की आपल्याकडची मंडळी एकतर टूरवाल्याचं पाच रात्री सहा दिवस करून येतात नाहीतर बीचवर पडून राहतात, पण ज्यांनी सह्याद्रीत चारदोन पावसाळे भिजून काढलेत त्यांनी हा देश बसने आणि पायी बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. जैवविविधतेच्या नकाशात पश्चिम घाट आणि श्रीलंका हा एकच पट्टा धरतात, त्यामुळे जंगलात शिरल्यावर वास ओळखीचा येतो, कुजलेल्या पानांचा, ओल्या दगडाचा, आणि तरी समोर बसलेला पक्षी आपण जन्मात बघितलेला नसतो. मजा तीच आहे.

आधीच एक सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजेल. देश लहान आहे, ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा, आणि त्यामुळे सगळे फसतात. नकाशावर दोन ठिकाणांत ६० किलोमीटर दिसतं म्हणून लोक रोज एक गाव असा प्लॅन करतात आणि मग अख्खी ट्रिप बसच्या खिडकीत जाते. डोंगरात बस तासाला पंचवीस-तीसच्या वर जात नाही. आणि इथलं जंगल बघायचं असतं सकाळी सहा ते दहा, दहानंतर धुकं, पाऊस किंवा ऊन यातलं काहीतरी येतंच. म्हणून दिवस मोजू नका, सकाळी मोजा. बारा दिवस असतील तर त्यातल्या किती सकाळी तुम्ही जंगलाच्या तोंडाशी उभे असणार आहात ते बघा. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये बारा दिवसांत नऊ गावं होती आणि कामाच्या सकाळी फक्त तीन! सरळ चार गावं खोडली.

कधी जायचं

इथे दोन मान्सून आहेत आणि ते देश वाटून घेतात. आपल्यासारखाच नैऋत्य मान्सून साधारण मे ते सप्टेंबर, तो पश्चिम-दक्षिण बाजू आणि डोंगराचा पश्चिम उतार झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो उत्तर-पूर्वेकडे. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी गडगडाट करून सगळीकडेच पडतो. मी खाली जो रूट सांगतोय त्याला जानेवारी अखेर ते मार्च बेस्ट, पायवाटा चालण्यासारख्या असतात आणि सिंहराजाच्या पर्जन्यवनातही पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो (कमी म्हणजे दुपारी तासभर, छत्री घरी ठेवू नका). फक्त मार्च उजाडला की धबधबे बारीक होतात हे लक्षात ठेवा. भरलेले धबधबेच हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी, मग जळवाही भरलेल्या असणार, दोन्ही पाहिजे असं होत नाही.

अजून एक, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दितवा चक्रीवादळ आलं त्यात डोंगराळ भागात प्रचंड दरडी कोसळल्या, रेल्वेमार्गाचंही बरंच नुकसान झालं. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तिकिटं काढू नका, कोणती गाडी कुठपर्यंत चालू आहे, कोणती पायवाट उघडी आहे ते निघायच्या आठवड्यात परत विचारा. होमस्टेवाले मेसेजवर लगेच सांगतात, आणि खरं सांगतात.

कागदपत्रं पटकन उरकतो. ऑनलाइन परवाना म्हणजे ईटीए सरकारी साइटवरूनच काढा, सर्चमध्ये वर येणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट जास्तीचे पैसे घेतात, भारतीयांसाठीचे नियम आणि फी बदलत राहतात म्हणून आकडा लिहीत नाही. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण तीन-साडेतीन रुपये. वेळ आपलीच, घड्याळ हलवायचं नाही. प्लग मात्र आपले गोल पिनांचे पण चालतात आणि चौकोनी तीन पिनांचे पण असतात, एक कन्व्हर्टर टाका. एअरपोर्टवरच डायलॉगचं सिम घ्या आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, जंगलात रेंज जाते.

रूट आणि बस

आमचा रूट असा होता: कोलंबो, कितुलगला, हॅटन, तिथून रेल्वेने हापुतले, मग एल्ला, उडवलवे, देनियाय (सिंहराजासाठी), गॉल, परत कोलंबो. गोल फिरून येतो, एकही रस्ता दोनदा नाही. हापुतलेला तीन रात्री, देनियायला तीन रात्री, उडवलवेला दोन, बाकी एकेक. वेळ कमी असेल तर एल्ला गाळा, जीवावर येईल पण गाळा. कॅफेंचं गाव झालंय ते, नऊ कमानींचा पूल छानच आहे पण त्यावर उभ्या पाचशे माणसांसकट छान आहे.

लाल बस सरकारी, बाकी रंगीबेरंगी खासगी, दोन्हीत तिकीट अगदी किरकोळ. खासगीवाले असे हाणतात की आपली एसटी म्हणजे साधूसंत वाटते. सॅक ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या उंचवट्यावर टाकायची, कंडक्टरच सांगतो. सगळ्यात पुढची सीट भिक्षूंसाठी राखीव असते, रिकामी दिसली म्हणून पसरू नका. स्टॉपवर बस पूर्ण थांबतेच असं नाही, वेग कमी करते आणि तेवढ्यात तुम्ही उतरलेले असावं अशी अपेक्षा असते, म्हणून लहान पिशवी आधी पोटाशी धरून दाराजवळ या.

कोलंबोहून हॅटनकडे जाणारी बस कितुलगलावरूनच जाते, केलणी नदीच्या कडेने. रात्री पोचून तिथे उतरलं की सकाळी नदीपलीकडच्या रानात चालायला मिळतं, राफ्टिंगही आहे. हॅटनहून मस्केलियामार्गे नल्लथन्नियला गेलात तर श्रीपाद (अ‍ॅडम्स पीक) हा यात्रेचा डोंगर, उंची २,२४३ मीटर, पाच हजारांच्या वर पायऱ्या, यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत. आम्ही गेलो नाही, गुडघे जंगलासाठी राखून ठेवले. जाणार असाल तर पौर्णिमा आणि शनिवार-रविवार सोडून जा. पौर्णिमेला तिथे पोय म्हणतात, दर महिन्याला सुट्टी असते, दारू मिळत नाही, मटण-चिकनची दुकानं बंद आणि बसला तोबा गर्दी.

रेल्वेचं रिझर्वेशन महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. नाही मिळालं तर रडू नका, बिनारिझर्व्ह सेकंड किंवा थर्ड क्लासचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, दादर फास्ट पकडलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटणार नाही. दारात लटकून फोटो काढणारे दिसतील, बोगदे आणि बाजूच्या फांद्या फार जवळ असतात, तो मोह नको.

सॅकमध्ये काय

चाळीस लिटरच्या वर सॅक नेऊ नका. तंबू नको, संरक्षित जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम टाकता येत नाही, आणि होमस्टे इतके घरगुती आणि स्वस्त आहेत की तंबू वाहून नेणं म्हणजे हौस. कपडे दोन जोड, पटकन वाळणारे, जीन्स बिलकुल नको. एक गरम जॅकेट मात्र हवंच, लोक हसतात श्रीलंकेला स्वेटर म्हटल्यावर, पण हॉर्टन प्लेन्सचं पठार २,१०० मीटरच्या वर आहे, पहाटे साडेपाचला दातखीळ बसते. ग्रिप चांगली असलेले बूट (पोहल्यावर घालायला वेगळी चप्पल), पोंचो, सॅकचं कव्हर, आत सगळं मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत भरलेलं, कारण कव्हरवर कोणी विश्वास ठेवला आणि कोरडा राहिला असा माणूस मला अजून भेटलेला नाही. हेडटॉर्च, ओआरएस, डासांचं मलम, क्रेप बँडेज, भरपूर चिकटपट्ट्या, मिठाची पुरचुंडी. पाण्याची भरायची बाटली. दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याआधी तिला जागा द्या.

आणि जळवांचे मोजे. गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी मोजे असतात, बुटाच्या आतल्या मोज्यावर चढवून वर नाडीने बांधायचे. देनियायला भाड्याने पण देतात.

जळवा, म्हणजे सिंहराजा

सिंहराजा म्हणजे श्रीलंकेत उरलेल्या पर्जन्यवनाचा सगळ्यात मोठा तुकडा, १९८८ पासून जागतिक वारसा. आज आपण तिथे फिरतो ते सहज वाटतं पण १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं पाडायला सुरुवात झाली होती, रस्ते घातले होते, यंत्रं आणली होती, लोकांनी आरडाओरडा केला आणि १९७७ मध्ये तोड थांबली. कुडवा बाजूने शिरलात तर चालता ती रुंद वाट बरीचशी त्याच काळातली.

दोन प्रवेश महत्त्वाचे. उत्तरेकडून कुडवा, पक्षी बघणाऱ्यांसाठी हा बरा, वाट सपाट. दक्षिणेकडून देनियायजवळचं पिटदेनिय, इथे चढउतार, झुलता पूल, ओढे, छोटे धबधबे, ट्रेकची खाज असणाऱ्यांनी इकडून जावं. वाटाड्या सक्तीचा आहे आणि तो घ्याच, कंजुशी करू नका, आमच्या वाटाड्याने हिरव्या वेलीत हिरवा चापडा साप दाखवला तो दोन फुटांवर होता आणि बोट दाखवल्यावरसुद्धा मला अर्धा मिनिट दिसला नव्हता.

तिथे एक भारी प्रकार असतो. बराच वेळ जंगल ठार शांत, आपण कंटाळून पाणी प्यायला थांबतो, आणि अचानक आठ-दहा जातींचे पक्षी एकदम अंगावरून जातात, एकत्र फिरणारा थवाच. पुढे नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत, सोबत शेपटीवाला कोतवाल, मागोमाग बाकीचे, नशीब असेल तर त्यात निळा मॅगपाय, लाल चोचीचा तो निळाशार पक्षी, जगात फक्त इथेच. पाच मिनिटं चालतं आणि परत शांत. म्हणून वाटाड्या "थांबा" म्हणाला की थांबायचं, बोलणं बंद, पिशव्यांची चेन बंद. पण थांबायचं कुठे तर दगडावर किंवा मोकळ्या वाटेवर. पाचोळ्यात उभं राहिलात की संपलं, जळवा चहूकडून माना वर करून येताना दिसतात, आणि एकदा दिसल्या की मग पक्षी दिसत नाहीत.

जळवांचं तंत्र सांगतो. मोज्यांवर मीठ चोळतात पण पहिल्या ओढ्यात ते धुऊन जातं. तिथले लोक अंगाचा ओला साबण पायाला फासून वाळू देतात किंवा सिद्धालेप बाम लावतात, बाम दर दुकानात मिळतो आणि डोकेदुखीलाही होतो. दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे पाय, कंबर आणि मान बघा, फांदीवरूनही येतात. चिकटलेली दिसली तर ओढू नका, काडी पेटवू नका, मीठही लागलेल्या जळूवर नको, ती पोटातलं जखमेत ओकते. नख आडवं धरून आधी बारीक तोंडाची बाजू सरकवायची, मग दुसरी, आणि टिचकी मारून लांब. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं नाही, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं रसायन असतं, साबणाने धुवा, चिकटपट्टी दाबून लावा. दोन दिवस खाज येते, ती नखाने खाजवली तरच चिघळते. माझ्यासोबतच्या मित्राला एकाच सकाळी अकरा लागल्या, मला तीन, फरक एवढाच की तो दर दहा पावलांना फोटो काढायला पाचोळ्यात गुडघे टेकत होता.

हॉर्टन प्लेन्स

हापुतलेहून पहाटे साडेचारला व्हॅन किंवा रिक्षा ठरवा (तिकडे टुकटुक म्हणतात), सोबत दोघंचौघं शोधा, खर्च वाटला जातो. गेट सहाला उघडतं तेव्हा तिथे असायचं. तिकिटाला पासपोर्ट लागतो, सार्क देशांसाठी दर वेगळा आणि थोडा कमी असतो, तो मागून घ्या. गेटवर सॅक तपासतात, बिस्किटाच्या पुड्यांचं प्लास्टिक, पाण्याच्या बाटलीचं लेबल सगळं काढून घेतात, म्हणून नाश्ता घरूनच डब्यात किंवा कागदात बांधून आणा. हा नियम आपल्या गडांवर आला तर मी स्वतः गेटवर उभा राहीन.

चक्कर नऊ किलोमीटरची, तीन-चार तास. आधी वर्ल्ड्स एंड नावाच्या कड्याकडे जा, बेकर्स फॉल परतीला. कडा साधारण ८७० मीटर सरळ खाली आहे, कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलेल्यांना ओळखीची धडधड होईल, पण इथे नऊ वाजले की खालून धुकं चढतं आणि पडदा पडतो, मग दहाला आलेले लोक पांढऱ्या भिंतीसमोर सेल्फी काढतात. पार्किंगपाशी सांबर येतात, अगदी माणसाळलेली, हातातलं खायला बघतात, देऊ नका, प्लास्टिक पोटात जाऊन सांबरं मेलेली आहेत तिथे.

धबधबे

सिंहलीत एल्ल म्हणजेच धबधबा! ओय म्हणजे ओढा, गंग म्हणजे नदी, वेव म्हणजे तलाव, कंद डोंगर, गल खडक. एवढे शब्द पाठ केले तरी नकाशा बोलायला लागतो.

सगळ्यात उंच बंबरकंद, २६३ मीटर. हापुतलेहून बेलिहुलओयच्या दिशेची बस पकडून कलुपहनला उतरायचं, तिथून पाचेक किलोमीटर चालत किंवा रिक्षाने. पाइनच्या झाडीतून एकदम समोर येतो, बारीक धार आणि लांबच लांब. तयारीचा ट्रेकर असाल तर ओहिय स्टेशनवरून उतरत उतरत याच धबधब्यापाशी येणारी डेव्हिल्स स्टेअरकेस नावाची वाट आहे, चहाचे मळे, मग उभा उतार, पूर्ण दिवस जातो, स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि पावसात विचारही करू नका, घसारा आणि शेवाळ दोन्ही आहे.

दियलुम २२० मीटर. आपला दूधसागर ३१० चा, त्यामुळे उंचीने आपण भारावून जात नाही, पण याची गंमत वर आहे. हापुतले-वेल्लवाय बस पुलावरून जाते तिथून खालचा भाग दिसतो आणि बहुतेक लोक तिथूनच फोटो काढून जातात. कोसलंदहून वरच्या बाजूला रिक्षा जाते, मग गवताळ उतारावरून अर्ध्या-पाऊण तासाची चाल, आणि कड्याच्या अलीकडे कातळात एकाखाली एक डोह, पोहता येतात असे. सकाळी आठला आम्ही दोघंच होतो.

आता जरा गंभीर. या देशात बिबट्यापेक्षा आणि सापापेक्षा पाहुण्यांना पाण्याची भीती जास्त धरायला हवी. मी दियलुमच्या एका डोहाशी ओल्या कातळावर, अगदी तिसऱ्याच पावलाला, आडवा झालो, कोपर फुटलं, पाण्याच्या ओढीची दिशा कड्याकडे होती. काही झालं नाही कारण डोह वरचा होता आणि उथळ होता. तेव्हापासूनचे माझे नियम: कड्याला लागून असलेल्या शेवटच्या डोहात उतरायचं नाही, कितीही फोटो बघितले असोत. काळा चकचकीत कातळ म्हणजे शेवाळ, खरखरीत राखाडी दिसतो त्यावरच पाय. उडी मारायची नाही, तळात काय आहे ते दिसत नाही. वरच्या अंगाला ढग काळे झाले, पाणी गढूळलं, काड्याकुड्या वाहून यायला लागल्या की सामानाकडे न बघता आधी बाहेर. आणि गावातला माणूस "इथे नको" म्हणाला तर वाद घालायचा नाही, त्याने तिथून कोणालातरी बाहेर काढलेलं असतं. सखल भागातल्या तलावात तर पायही घालू नका, मगरी आहेत.

एल्लाजवळचा रावण धबधबा साधारण २५ मीटर, रस्त्याच्या कडेलाच, बसमधूनच दिसतो, माकडं आणि मक्याची कणसं, मला तिथे उतरून वेळ घालवावा असं वाटलं नाही. रामायणाच्या ओढीने जाणार असाल तर गोष्ट वेगळी. बदुल्लजवळचा दुनहिंद ६४ मीटर, त्यापर्यंतची जंगलातली छोटी चाल जास्त छान. तलवाकेलेजवळचा सेंट क्लेअर एकेकाळी रुंदीसाठी नावाजलेला होता, आता अप्पर कोतमालेच्या वीजप्रकल्पासाठी पाणी वळवल्यामुळे बऱ्याचदा लाजल्यासारखा वाहतो. परत वेळ मिळाला तर मी नकल्स डोंगररांगेत जाणार आहे, मातळेच्या बाजूने, तिथल्या सेर एल्लच्या पडद्यामागे उभं राहता येतं.

हत्ती आणि बिबट्या

‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान की उडवलवे हा प्रश्न सगळे विचारतात. बिबट्यासाठी ‘याला’ प्रसिद्ध, या बेटावर वाघ नाही म्हणून बिबट्याच राजा. पण तिथल्या ब्लॉक एकमध्ये बिबट्या दिसला की ड्रायव्हरचे फोन वाजतात आणि वीस-तीस जीप धुरळा करत एका झाडाखाली कोंडी करतात, हे मला सोसत नाही. उडवलवे मोकळा गवताळ माळ, मधे मोठा जलाशय, हत्ती दिसतातच, कळपच्या कळप, पिल्लांसकट. जीप सहा जणांत वाटून घ्या, कारण तिकिटावर माणशी सोडून गाडीमागे आणि गटामागेही आकार लागतो. सकाळी सहाची फेरी घ्या. ड्रायव्हरला आधीच नीट सांगायचं, आम्हाला बिबट्या नाही दाखवला तरी चालेल, हत्तीजवळ इंजिन बंद कर आणि कोणाच्या मागे पळू नको. आम्ही एका ठिकाणी हे सांगायला विसरलो आणि तीन तास हाडं खिळखिळी करून फक्त मोरांच्या शेपट्या बघून आलो. शेजारीच अनाथ हत्तीपिल्लांचं केंद्र आहे, १९९५ पासूनचं, पिल्लांना दूध पाजायच्या ठराविक वेळा असतात, लांबून बघायचं, हात लावायला मिळत नाही आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. पाठीवर बसवणाऱ्या ठिकाणांपेक्षा इथे पैसे द्या.

ऑगस्ट-सप्टेंबरला गेलात तर हा रूट सोडून उत्तरेला मिन्नेरियला जा, तलाव आटतो, काठावर गवत येतं आणि शेकडो हत्ती एकत्र जमतात.

उडवलवेच्या रस्त्यावर कुंपणाशी हत्ती उभे असतात, लोक गाडी थांबवून केळी देतात. देऊ नका, गाड्यांकडे यायची सवय लागते आणि पुढे त्याचाच जीव जातो नाहीतर माणसाचा. त्या भागात अंधार पडल्यावर स्कूटर किंवा रिक्षाने फिरणं टाळा.

लहान प्राणीही बघा जरा. आपल्या शेकरूची भावकी आहे तिथे, करड्या रंगाची मोठी खार. डोक्यावर भांग पाडलेली ‘टोक’ जातीची माकडं (जेवण सांभाळा). जाडजूड घोरपडी ओढ्यात पोहताना दिसतात, सुसरच वाटते आधी. रानकोंबडा त्यांचा राष्ट्रीय पक्षी, तुऱ्यात पिवळा ठिपका. आणि काही उचलून आणू नका, बी नाही, शंख नाही, फुलपाखरू तर नाहीच, २०२४ मध्ये यालात किडे आणि फुलपाखरं गोळा केल्याबद्दल दोघा इटालियन पाहुण्यांना सुमारे दोन लाख डॉलर दंड झाला.

साप आहेतच, घोणस, नाग, मण्यार आपल्यासारखेच. एक वेगळा म्हणजे आखूड, चपट्या डोक्याचा, नाक वर केलेला साप, सिंहलीत कुणकटुवा, पाचोळ्यात आणि चहाच्या मळ्यात असतो, आणि तिथे वापरतात ते भारतात बनलेलं सर्पविषविरोधी औषध त्याच्यावर लागू पडत नाही. म्हणून बूट, पायाखाली लक्ष, दगडाच्या फटीत हात नको, रात्री बाथरूमला जाताना टॉर्च. अँब्युलन्सचा नंबर १९९०, फुकट आहे, भारताच्या मदतीने २०१६ ला सुरू झालेली सेवा. देश २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झालाय, डेंग्यू मात्र भरपूर आहे, दिवसा चावणाऱ्या डासांसाठी मलम लावा.

खाणं

कोकणी माणसाला इथे उपाशी राहायची भीती नाही. दुपारी भात आणि चार भाज्या, साधारण साडेअकरा ते अडीच, नंतर संपतं. संध्याकाळी आप्प (वाटीच्या आकाराचं तांदळाचं घावन) आणि कोत्तू, कोत्तू म्हणजे तव्यावर दोन पात्यांनी टकाटक तोडलेली रोटी, आवाज गल्लीच्या टोकापासून येतो. इंदिआप्प म्हणजे सरळ आपले शिरवाळे, फक्त गोड रसाऐवजी तिखट रश्शात. पोल संबोल ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. कच्च्या फणसाची भाजी मिळाली तर दोनदा घ्या. कवठाचं सरबत, केशरी शहाळं, आणि मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही वर भेरली माडाचा काकवीसारखा पाक, हे उडवलवेच्या रस्त्यावर खायचं, तिथलं दही कापता येतं.

शाकाहारी लोकांनी एक जपा: भाजी दिसली म्हणजे भाजी नाही. डाळीत, संबोलमध्ये, पालेभाजीत सुकवलेल्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. "उंबलकड एपा" म्हणायचं, एपा म्हणजे नको. "मस एपा, मालु एपा", मटण-चिकन नको, मासे नको. "सैर अडुइ", तिखट कमी. इस्तुति धन्यवाद, कीयद म्हणजे कितीला. आकडे ऐका: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय, निम्मे तर आपलेच. बाजारात "देक" म्हणून दोन बोटं दाखवली की भाव बरा लागतो असा आमचा समज झाला होता, खरा असेल नसेल.

देवळात टोपी, चप्पल काढा, बुद्धाकडे पाठ करून फोटो काढू नका. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही आणि जंगलात तर नाहीच.

शेवटच्या दिवशी देनियायहून सकाळची गॉलची बस घ्या, अकुरेस्समार्गे उतरत जाते. बूट आदल्या रात्रीच वर्तमानपत्र कोंबून वाळत घाला आणि सकाळी झटकून घाला, आमच्या एका बुटातून एक जळू गॉलपर्यंत आली होती. गॉलहून कोलंबोची रेल्वे किनाऱ्याला घासून जाते, डाव्या हाताची खिडकी पकडा.